छप्पर नसलेल्या देवळात

"समोरासमोर बोलायचंय, तुम्ही दोघं याच," असं लेकीनं अथेन्सहून फोनवर सांगितलं, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नव्हता. ती तिथं जुन्या दगडी वास्तूंच्या दुरुस्तीचं शिक्षण घेत होती. शहरातल्या छावणी भागातल्या आमच्या घरात बॅगा भरताना मी नवऱ्याला दहादा विचारलं, "लग्नाचं काही असेल का हो?" हे मूळचे गंगापूरकडचे, मोजकं बोलणारे. म्हणाले, "असंल तर असंल. ती सांगंल की."

विमानतळावर भेटली तीच वाळलेली. तिनं आम्हाला हिंडवलं, खाऊ घातलं, पण मूळ विषय काढेना. मग एका दुपारी बसनं समुद्राकाठच्या पडक्या देवळाकडं नेलं. कड्याच्या टोकावर पांढरे खांब, वर छप्पर नाही, आत देव नाही. वारा असा, की पदर सावरता सावरेना. लोक फोटो काढत होते आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

यांनी खांबांपाशी जाऊन बूट काढले. दगड तापलेला, एकेक पाय उचलत उभे राहिले. तिथली रखवालदार बाई धावत आली, खुणेनं 'घाला, घाला' म्हणाली.

"देव कुठं गेला माहीत नाय," हे लेकीला म्हणाले, "पण जागा तर त्याचीच हाय ना?"

लेक हसली आणि हसता हसता रडायलाच लागली.

"बाबा, मला इथं नाही राहायचं. मी शिक्षण सोडतेय."

परका जावई, कायमचं तिकडं राहणं, सगळ्याची मी मनाशी तयारी करून आले होते. याची नव्हती. "अर्ध्यातनं? अगं, लोक काय..." यांनी माझ्याकडं पाहिलं, तशी मी थांबले.

"कुणी त्रास दिला का?" यांनी तिला विचारलं.

"नाही. कुणी बोलतच नाही माझ्याशी. दिवस दिवस तोंड उघडायची वेळ येत नाही."

"मग चल घरी."

परतीच्या बसमध्ये ती यांच्या खांद्यावर झोपली. मी नातेवाइकांना सांगायची वाक्यं जुळवत होते, मोडत होते.

तिथलं सगळं आवरून महिन्याभरानं ती घरी आली. आता शहरातच एका कार्यालयात घरांचे नकाशे काढते, मैत्रिणींत रमते. पण जेवताना मध्येच गप्प झाली, की माझा घास हातातच राहतो.

"काय झालं गं?"

"काही नाही आई, जेव तू."

मला ते खरं वाटत नाही.