दोन बोटं सैल

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईखान्याला लागून, फाटक्या चादरी आणि डॉक्टरांचे डगले दुरुस्त करायची एक खोली होती. तिथं एकोणीस वर्षं एकच बाई मशीन चालवत होती. सगळे तिला शिवणबाई म्हणत. घरी नवऱ्याचं काम 'अगं'वर भागे. तिला 'टाचणी' म्हणणारं माणूस जगात एकच, तिची थोरली बहीण. आणि ती समुद्रापलीकडे जाऊन बावीस वर्षं झाली होती.

ताई हॉकीत गोलकीपर होती. साधीसुधी नव्हे. ती गोलात उभी राहिली की समोरच्यांना गोल अरुंद झाल्यासारखा वाटे. टाचणी गोलामागं उभी राहून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची. सामना संपला की ताई हातातले जाडजूड चामडी हातमोजे काढून तिच्याकडे फेकायची, "धर गं, घामेजलेत." धाकटी ते घरापर्यंत छातीशी धरून आणायची. एकदा तिनं ते गुपचूप घालून पाहिले तर ताई मागून येऊन खो खो हसली. "अगं, भोपळ्यात बोरं घातल्यागत दिसतंय! हात भरू दे जरा, मग तुलाच देते."

हात काही भरला नाही. ताई नर्स झाली, परदेशी नोकरी लागली, तिकडेच लग्न झालं. जाताना सामान जास्त झालं म्हणून हातमोजे राहिले. "पुढच्या खेपेला नेते," ती म्हणाली. पुढच्या दोन्ही खेपांना ती विसरली, आणि गेल्या नऊ वर्षांत खेपच झाली नाही. फोनवर मात्र दरवर्षी "यंदा नक्की" असायचं. धाकटी दरवर्षी हातमोजे कपाटातून काढायची, ऊन दाखवायची, चामड्याला तेल चोळायची. नवरा टपालखात्यात पत्रं निवडायच्या कामावर होता. तो म्हणायचा, "माझ्या डोक्याला कधी इतक्या मायेनं तेल लावलं असतंस, तर आज टक्कल नसतं."

एके दिवशी एक्स-रे विभागातल्या बाई फाटकी जाळी घेऊन शिवणखोलीत आल्या. हॉस्पिटलच्या बायकांचा हॉकी संघ त्यांनीच उभा केला होता.

"ही गोलाची जाळी शिवून द्या. जाळी आहे, पण तिच्यापुढं उभं राहायलाच कुणी नाही. आमच्या गोलकीपरचा गुडघा गेला."

"मी राहते," शिवणबाई म्हणाली, आणि स्वतःच चपापली.

"तुम्ही? कधी खेळलात?"

"खेळले नाही. पण गोलामागून खूप पाहिलंय."

एक्स-रेवाल्या बाई हसल्या नाहीत. "पॅड आहेत, हेल्मेट आहे. हातमोजे तेवढे फाटलेत."

"ते आहेत माझ्याकडे."

घरी येऊन तिनं हातमोजे चढवले. मूठ वळवली तर आतला हात डगडगत होता. बोटांची टोकं रिकामी, मनगटाचा पट्टा शेवटपर्यंत ओढूनही ढिला. सगळीकडे दोन बोटं सैल. रोज लोकांचे डगले आत घेणाऱ्या बाईला हे काय अवघड? पण तिनं आत बोट फिरवलं तेव्हा तळव्यापाशी खळगे लागले. ताईच्या बोटांनी दाबून दाबून केलेले. हातमोजे आत घ्यायचे म्हणजे हे खळगे मिटवायचेच.

रविवारी दुपारी तिनं फोन लावला.

"ताई, तुझे हॉकीचे हातमोजे जरा आत घेऊ का?"

"कुठले हातमोजे?"

"चामडी. सामना संपला की माझ्याकडे फेकायचीस ते."

"अगं बाई! ते अजून आहेत? उंदरांनी खाल्ले नाहीत?"

"नाही. दरवर्षी तेल लावते मी."

"कशाला?"

"तू येशील म्हणून."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "टाचणे, माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात. मी आता कुठली उभी राहते गोलात?" मग तिकडे कुणीतरी परक्या भाषेत हाक मारली आणि ताई त्याच भाषेत सफाईनं काहीतरी म्हणाली. "ठेवते हं. कर तुला हवं ते."

हवं ते! धाकटीला हवं होतं की ताईनं "हात लावू नकोस माझ्या वस्तूला" म्हणून ओरडावं.

तरी तिनं काम काढलं. आधी पातळ सुती मोजे आत घालून पाहिले, त्यानं थोडं भरलं. हाताच्या पाठीवर जुन्या ब्लँकेटची पट्टी बसवली. मनगटाचा पट्टा उसवून दोन बोटं आत सरकवला. बोटांच्या मुळाशी चामडं चिमटीत धरून कच्चे टाके घातले. कात्री मात्र लावली नाही.

नवरा पाहत होता. "उसवायची सोय ठेवतेस वाटतं?"

"कापलं की कापलं."

"मग सामन्यात चेंडूला सांग, हळू ये बाबा, टाके कच्चे आहेत."

सरावात तसंच झालं. पहिलाच जोरकस फटका डाव्या हाताला लागला, टाके तटातट तुटले आणि चेंडूबरोबर हातमोजाही गोलात गेला. "एकात दोन गोल!" कुणीतरी ओरडलं. सगळ्या हसल्या, तीही हसली. पण घरी परतताना वाटेत तिच्या लक्षात आलं, आपण बाविशीच्या ताईसाठी वस्तू जपतोय. ती बाविशीची ताई आता कुठल्याच विमानानं येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं धारदार सुरी घेतली. प्रत्येक बोटाच्या कडेची एकेक पट्टी कापताना जिवावर आलं. शेवटची कापून झाल्यावर तिनं नाक पुसलं. मग बोटात अंगुस्तान चढवलं, जाड सुईत मेण लावलेला दोरा ओवला आणि दुहेरी टाक्यानं शिवण घट्ट केली. हातमोजे घालून तिनं मूठ वळवली. चामडं हाताबरोबर वळलं.

सामना त्या पाच-दोननं हरल्या. पाच गोल तिनं खाल्ले, त्यातला एक तर पायांमधून. पण अगदी शेवटी एक चेंडू उंच, डावीकडे आला आणि तिचा हात आधीच तिथं होता. तळवा झिणझिणला. "शाब्बास, शिवणबाई!" एक्स-रेवाल्या बाई ओरडल्या. तिला त्या क्षणी दुसरीच हाक ऐकायची होती.

ती रविवारी फोनवर सगळं बोलली. ताई म्हणाली, "अंगठा कसा केलास? तिथं तर तीन शिवणी येतात." धाकटीनं सांगितलं. ताईनं पुन्हा विचारलं, पट्टा किती सरकवलास, मूठ पुरती वळते का. मग म्हणाली, "तुला सांगते, चेंडू यायचा तेव्हा मी डोळे मिटायचे. कुणाला कळलं नाही कधी."

"मलाही नाही कळलं."

"तू मागं होतीस ना. तुला पाठ दिसायची."

दोघी खूप वेळ बोलल्या. "यंदा नक्की" या वेळी ताई म्हणाली नाही, आणि धाकटीनंही विचारलं नाही. आता सामना झाला की फोन ताईचाच येतो. "किती खाल्लेस?" ती विचारते. धाकटी खरं सांगते, पलीकडून ते जुनं खो खो हसू येतं. फोन ठेवल्यावर धाकटी स्वयंपाकघरात जात नाही लगेच, हातमोज्यांना तेल चोळत बसते. नवराच उठून चहाचं आधण ठेवतो.