सतराव्या होलवरचे दोन फटके

गुलाबभाऊ गेले, आणि मी त्यांचा फोन कट केला.

दोनदा.

सकाळी शाळेत परिपाठ चालू होता. स्क्रीनवर ‘गुलाबभाऊ गोल्फ’ असं नाव आलं आणि मी रागानं लाल बटण दाबलं. फोन कमलवहिनींनी लावला होता. ‘हे गेले’, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

तिसऱ्या तासाला त्यांच्या गावच्या, देऊळघाटच्या एकाच्या स्टेटसवर त्यांचा फोटो दिसला. हार घातलेला.

मले वाटलं वाढदिवस असेल. खरंच हो, आधी तसंच वाटलं.

नीट टाईप होत नाही. तरी लिहितो. आज नाही लिहिलं तर मी कधीच लिहिणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुलाबभाऊ म्हणजे देऊळघाटचे, फौजेतले रिटायर्ड हवालदार. माझे गोल्फचे गुरू. हो, गोल्फ. हसा, सगळेच हसायचे. पलटणीत साहेबांच्या बॅगा उचलता उचलता ते खेळ शिकले. रिटायर होताना एका साहेबानं आपल्या गोल्फच्या जुन्या सात काठ्या त्यांना दिल्या.

हरभरा निघाला की मृगापर्यंत त्यांचं वावर म्हणजे आमचं मैदान. अर्धा वेळ खेळायचो, अर्धा वेळ ढेकळात बॉल शोधायचो.

आणि putting साठी, म्हणजे जवळून बॉल हळूच होलमध्ये ढकलायच्या प्रॅक्टिससाठी, त्यांनी चक्क खळं केलं होतं. आता सगळ्यांचा माल मशीनवर निघतो, गावात खळं कोणी करत नाही. हे एकटेच जमीन चोपून, शेणानं सारवून, मधात एक डबा पुरून बसलेले.

वहिनी म्हणायच्या, “लोकं दाण्यासाठी खळं करत होते. आमचे हे गोटीसाठी करतात!”

मी यूट्यूब पाहून पाहून बिघडलेला. दर आठवड्याला नवा स्विंग, काठी फिरवायची नवी तऱ्हा.

ते ओरडायचे, “सर, तो मोबाईल ठेवा खाली! काठी कासऱ्यावानी धरा. लई आवळली तं बैल बिचकते, ढिली सोडली तं पळते.”

“अन् डोकं काऊन वर करता? बॉल कुठं गेला ते मी पाहतो ना!”

पंधरा दिवसांपूर्वी आम्ही नागपूरला खऱ्या मैदानावर गेलो. पहिल्याच होलवर फजिती. माझा putt अर्ध्यातच थांबला. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावरही तेच. सारवलेल्या खळ्यावर हळूच टुक करायची सवय, खऱ्या गवतावर बॉल सरकेच ना.

गुलाबभाऊ पोट धरून हसले. “सर, हे गवत हाये! आपल्या खळ्यावानी नाही पळत.”

मग जमलं. असं जमलं की विचारू नका. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. आमच्यासारख्या हौशी माणसाचं एकच स्वप्न असते, अठरा होल शंभरच्या आत.

सतराव्या होलवर माझा बॉल झाडाच्या मुळाला अडकला. आजूबाजूला कोणी दिसलं नाही. मी बुटानं वीतभर सरकवला आणि मारला.

शेवटी झाले ९९.

एकमेकांचं कार्ड एकमेकांनी लिहायचं आणि खाली सही करायची, अशी या खेळाची रीत. गुलाबभाऊंनी पेन काढला आणि थांबले.

“सर, सतराव्यावर काई लिहाचं राह्यलं का?”

“नाही.”

“आठवून पाहा. घाई नाही.”

“नाही म्हटलं ना!”

“मंग सही मी मागून करतो. तुमी सांगसान तवा.”

पाह्यलं होतं त्यांनी.

आणि मी, जो बोर्डाच्या परीक्षेत पोरांच्या खिशातून कॉप्या काढतो, त्या देवमाणसावर ओरडलो. “जिंदगीभर दुसऱ्याच्या बॅगा उचलल्या, अन् आता मले नियम शिकवता?”

पार्किंगमध्ये. चार लोकांसमोर.

त्यांनी दोघांच्या काठ्या उचलून गाडीत ठेवल्या. देऊळघाटला घरापाशी उतरल्यावर म्हणाले, “जेवून जा, सर.” मी गाडी वळवली.

घरी पोचल्या पोचल्या इथं फोटो टाकला. ‘Finally 99!!’ तुम्ही सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी एकेकाला थँक्यू म्हटलं. लाज कशी नाही वाटली मले!

नंतर त्यांचे तीन-चार फोन आले. मी उचलले नाहीत. म्हटलं, आधी माफी मागू दे त्यांना.

त्यांना!

दुपारी देऊळघाटला पोचलो तोवर सगळी तयारी झाली होती. सकाळी वावरात खळ्यावर पाणी शिंपडून राह्यले होते, तिथंच कोसळले म्हणे. कालपर्यंत धडधाकट माणूस. साधी सर्दीसुद्धा नव्हती.

वहिनींसमोर जायची हिंमत होत नव्हती. त्याच उठून आल्या आणि माझा हात धरला.

“काल जेवताना तुमचाच विषय होता, सर. मी म्हटलं, येवढे फोन करता, ते उचलत नाही, काऊन मांगं लागता? तं म्हने, माणूस चांगला हाये. सांगतीन सर. आज नाही तं उद्या सांगतीन.”

मी तिथंच मातीत बसलो. रडूही येईना.

तर त्या पोस्टवर टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांनो, ऐका. सतराव्या होलवर बॉल मी बुटानं सरकवला होता. त्याचे नियमानं दोन फटके दंड. माझा स्कोअर ९९ नाही, १०१ आहे. आणि पार्किंगमध्ये मी जे बोललो, त्याले कोणत्याच नियमात माफी नाही.

सांगितलं, भाऊ.

एक दिवस उशिरा सांगितलं.

जय हिंद, गुलाबभाऊ.