उलट्या तारांची गिटार

आमच्या पंचायत समितीत एका साहेबांच्या निरोप समारंभाला दुसरे एक अधिकारी गिटार घेऊन आले होते. कार्यक्रम उरकल्यावर ती सगळ्यांच्या हातात फिरली. तार कशी दाबायची, हे ते प्रत्येकाला दाखवत होते. माझ्याकडे आली तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे गेलं. त्या हाताची मधली दोन बोटं वरच्या पेरापासून नाहीत. "सॉरी मॅडम," असं म्हणून त्यांनी गिटार हळूच काढून घेतली आणि शेजारच्या बाईंना दिली. माणूस भला होता. पण घोडेगावातल्या माझ्या खोलीवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की मी कुठे नको म्हणाले होते?

त्या आठवड्यात मी फोनवर गिटारचे व्हिडिओ पाहिले. एका हातानं तारा दाबायच्या, दुसऱ्यानं छेडायच्या. साधारणपणे दाबायचं काम डाव्या हाताचं. पण डावखुरे लोक गिटार उलटी धरतात आणि उजव्या हातानं दाबतात. माझा उजवा हात धड आहे आणि डाव्याचा अंगठा नि पहिलं बोट छेडायला पुरेसं आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक, दाबायला हलक्या, हेही तिथंच कळलं. पुण्यात डावखुऱ्यांची नवी गिटार मिळते म्हणे, पण तिथल्या चकचकीत दुकानात कुणापुढे हात काढायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी जुनी शोधत राहिले, आणि नारायणगावच्या एका माणसाची जाहिरात सापडली.

मंचरला गाडी बदलून मी नारायणगावला गेले. तो माणूस पूर्वी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. डीजे आल्यावर ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि त्यानं टेम्पो घेतला, आता टोमॅटोचे क्रेट वाहतो. गिटार लाल रंगाची, कडेला रंग उडालेली. तारांखाली आवाज उचलणाऱ्या चुंबकाच्या दोन पट्ट्या असतात, त्यांतली एक मुकी आहे, हे त्यानं आपणहून सांगितलं. कुणासाठी घेताय, असं विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठीच, आणि तारा उलट्या लावून घेणार आहे.

त्याचा चेहरा उतरला. "एवढी वर्सं सरळ वाजलीय वो ती, ताई."

तोवर माझा हात पदराखाली होता. तो मी बाहेर काढून गिटारवर ठेवला. त्यानं बघितलं. कसं झालं, असं काही विचारलं नाही. खिशातून तारा छेडायची प्लॅस्टिकची एक त्रिकोणी चकती काढून माझ्यापुढे धरली. "ही धरता येतीय का बघा." मी अंगठ्यात नि पहिल्या बोटात धरली. त्यानं सगळ्या तारांवरून हात फिरवायला सांगितलं, मी फिरवला. मग तो आत जाऊन गिटारचं कव्हर घेऊन आला. कुठली तार कुठल्या सुरात लावायची ते एका कागदावर लिहून दिलं आणि म्हणाला, काय अडलं तर फोन करा.

गिटार घेऊन मी थेट दादाच्या दुकानात गेले. दादा माझा थोरला भाऊ. मंचरच्या एसटी स्टँडजवळ त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाण्याच्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची, हा त्याचा धंदा. दादानं मला कधी कशाला नाही म्हटलेलं नाही. पण मी चहाचा कप पुढे केला तर तो कपाकडे बघतो, हाताकडे बघत नाही. माझी बोटं गेली त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो.

त्यानं गिटार टेबलावर पालथी घातली आणि मागचे स्क्रू काढले. मुक्या पट्टीचं कारण त्याला लगेच सापडलं. केसापेक्षा बारीक तार सांध्याजवळ तुटली होती. "आमच्या मोटारीला एवढी बारीक नसती," म्हणत त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि ती जोडली. मग तारा काढून उलट क्रमानं लावल्या. पण मानेच्या टोकाला सहा खाचांची एक छोटी पट्टी असते, तिथं अडलं. जाड तार बारीक खाचेत बसेना आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळायला लागली. दादा म्हणाला, नवी पट्टी करू. मोटारीत वापरतात त्या बेकेलाइटचा, टणक प्लॅस्टिकचा, तुकडा त्यानं टेबलाच्या व्हाइसमध्ये घट्ट धरला आणि कानशीनं घासायला घेतला. पहिली पट्टी तडकली. दुसरीच्या खाचा खोल गेल्या. तिसरी घासताना त्यानं मान वर न करता विचारलं,

"तू थांब म्हणाली व्हतीस ना?"

मला आधी कळलंच नाही.

"कुट्टीवर. तू थांब म्हणालीस अन् मी आणिक एक फेरा दिला. मला वाटलं, खेळतीस."

मी बारा वर्षांची होते, तो पंधराचा. आमच्याकडे कुट्टीचं, म्हणजे कडबा कापायचं, हाताचं मशीन होतं. तो चाक फिरवायचा आणि मी कडबा आत सारायचे. त्या दिवशी गोठ्यात नवीन वासरू होतं आणि माझं ध्यान तिकडं होतं. आपल्याला ओरडतील म्हणून मी हे कधी कुणाला सांगितलं नाही. पुढे सांगायचं राहूनच गेलं. दादा मनात काय धरून बसला असेल, हा विचार तीस वर्षांत मला एकदाही शिवला नव्हता.

"दादा, थांब म्हणाले ते बोटं गेल्यावर," मी म्हटलं. "आधी म्हणालेच नव्हते. मी वासराकडं बघत होते."

"खरं सांगतीस?"

"खरं."

त्यानं दोन-तीन वेळा कानस फिरवली. मग ती खाली ठेवली आणि बाहेरच्या नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिला.

तिसरी पट्टी नीट बसली. आवाजाचं बटण आता वरच्या बाजूला आलं होतं आणि माझ्या कोपरानं सारखं फिरायचं, म्हणून पुढच्या रविवारी त्यानं खाली नवीन भोक पाडून ते हलवलं. जुन्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली. दुकानातल्या जुन्या स्पीकरला वायर जोडली. मी पहिल्यांदा तारांवरून हात फिरवला तेव्हा मोटार न्यायला आलेले डिंभ्याचे एक आजोबा दचकून उठले आणि मग परत बसून ऐकू लागले. मला तेव्हा काहीच येत नव्हतं. आता चार गाणी येतात. पाचव्यात एक जागा आहे, तिथं बोटं अजून पोचत नाहीत. नारायणगावच्या त्या माणसाला मी फोनवर वाजवून दाखवते. तो चूक सांगतो, आणि खाचांची पट्टी कुणी केली ते पुन्हा पुन्हा विचारतो.

दिवाळीला आम्ही दोघं गावी आईकडे गेलो. जेवणं झाल्यावर दादानं आईला ते सगळं सांगितलं. थांब म्हटल्याचं, फेऱ्याचं, माझ्या वासराचं. आई फराळाचे डबे झाकत होती. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला बाजाराला जायची घाई व्हती. तुमाला कुट्टीवर मीच बशिवलं व्हतं."

 दादा उठला आणि तिघांसाठी चहा ठेवायला आत गेला.