उंचीच्या मानानं

पिंपरीच्या माळावर पहिले कारखाने उभे राहत होते तेव्हाची गोष्ट. पुनावळ्यातून आम्ही गडी भरतीला चालत गेलो. तिथं डॉक्टर आधी उंची मोजायचा, मग काट्यावर चढवायचा. बाजारात बैल पारखतात तसं. मला तिथंच संशय आला.

लष्करात उंच माणूस आधी घेतात, हे ऐकून होतो; कारखान्यातही तसंच असेल वाटलं. म्हणून भिंतीला टेकताना मी धोतराच्या आड टाचा उचलल्या. डॉक्टरनं तक्त्यावर बोट फिरवलं. म्हणाला, "उंचीच्या मानानं वजन कमी आहे. महिन्यानं या." माझ्यामागच्या बुटक्याचं वजन माझ्याएवढंच भरलं, अन् त्याला घेतला!

घरी येऊन बायकोला म्हणालो, "काटा खोटा हाय. चाकणच्या अडत्यासारखाच. रिकामा काटा तपासू दिला न्हाई मला."

"दोघांनाबी त्योच काटा न्हवं?" ती भाकरी थापत म्हणाली. "अवं, तेवढीच जवारी आखूड पोत्यात गच्च बसती, लांब पोत्यात लोळती. टाचा उचलून लांब पोतं व्हायला कुणी सांगितलं हुतं?"

महिनाभर तिनं मला दूध, तूप, शेंगदाण्याचा कूट चारला. त्या काळी बायको नवऱ्याच्या मागनं जेवायची. माझं उरलं तर तिला. "जेवलीस का?" विचारलं की म्हणायची, "व्हय, मगाशीच." मला पटायचं नाही. तिच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या होत्या. एक दिवस मी ताटावर हात आडवा धरला.

"आधी तू खा."

"लोक काय म्हंत्याल? अन् वजन तुमचं बघणार हाईत, माजं न्हाई."

"तुझं मी बघतोय."

लाजत, शिव्या देत जेवली. पुढं रोज शेजारीच बसवली.

महिन्यानं टाचा टेकवून उभा राहिलो. डॉक्टर कागद बघून म्हणाला, "उंची कमी कशी झाली हो?"

"वझं वाहून, साहेब."

हसला, अन् घेतलं.

परवा, ती जायच्या आधी, दवाखान्यात तिचंही उंची-वजन घेतलं. आता वजनाला उंचीनं दोनदा भागतात म्हणे. पोरगेला डॉक्टर म्हणाला, "आकडा फारच कमी आलाय. आजी, जेवता ना?"

"जेवते की. मगाशीच."

डॉक्टर लिहायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हणालो, "लिहू नका. न्हाई जेवली."