मोडक्या शिंगाची गाय

रस्त्यात लिंबू-मिरची दिसली तर मी मुद्दाम तिच्यावरून स्कूटी नेणारी बाई. भुतंखेतं, साक्षात्कार... असलं काही माझ्यासमोर बोलायची घरात कुणाची टाप नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

गेल्या मे महिन्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरच्या एका कॉलेजात लेखन शिबिर होतं. मी साताऱ्यात बँकेत असते. आई सांगलीला, दादा-वहिनीकडे. स्ट्रोकनंतर तिची वाचा गेली होती. रोज सकाळी ती हातानं हवेत गोल काढायची, मग दाराकडे बोट दाखवायची... आणि आम्हाला कळलं नाही की रडायची. बांगड्या आणून दिल्या, घड्याळ दाखवलं, भाकरी कुस्करून भरवली—ती तोंड फिरवायची. आई काहीतरी मागतेय आणि ते मला कळत नाही, याचं फार वाईट वाटायचं. शिबिरात मात्र मी हे कुणालाच बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी गोष्टीसाठी विषय दिला—‘म्हातारपणची एक इच्छा’. वर्गात मरणाचा उकाडा, फॅन नुसता आवाजाला. माझ्या शेजारी कडेगावचे एक रिटायर्ड सुभेदार होते. आदल्या दिवशी त्यांच्या कविता ऐकताना मी कसंबसं हसू दाबलं होतं. ते उभे राहून वाचायला लागले.

एक म्हातारी, वाचा गेलेली. धडधाकट असताना पहिल्या भाकरीचा पापुद्रा उचलून आत गुळाचा खडा ठेवायची आणि मागच्या दारी येणाऱ्या मोडक्या शिंगाच्या गाईला घालायची. आता ती हातानं गोल करून दाखवते, तर घरचे भाकरी तिलाच भरवतात...

ही तर माझी आईच. चहाच्या सुट्टीत त्यांना गाठलं. आमच्या घरी कधी आला होता का, आईला ओळखता का, सगळं विचारलं. बिचारे गोंधळले.

"आवं ताई, सांगलीत माझं कुणी न्हाई. लिवता लिवता म्हातारी डोळ्यापुढं आली, तशी लिवली. काय चुकलं का माझं?"

वहिनीला फोन लावला. मोडक्या शिंगाची गाय येते का, विचारलं. ती म्हणाली, "रोज सकाळी येते की. मागच्या दारात उभी राहते. मी हाकलते तिला."

आईच्या आजारपणासाठी रजा काढेपर्यंत वहिनी सकाळच्या शाळेत शिकवायला जायची, दादा तिच्याही आधी निघायचा. मागे एकटी आई काय करायची, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

शिबिर अर्धवट सोडून मी सांगली गाठली. सकाळी भाकरी केली, आत गूळ ठेवला, आईला मागच्या दारात खुर्चीवर बसवलं. गाय आलीच. आईनं स्वतःच्या हातानं तिला भाकरी घातली. गाईनं तिचा हात चाटला आणि आई हसली... स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले.

योगायोग म्हणावा, तर ते शिंग? ते हातानं गोल करणं? मला काही सांगता येत नाही. परवा सुभेदारांना फोन केला, तर त्यांनाही अजून कोडंच आहे. म्हणाले, त्या दिवसापासून एक ओळ सुचंना झालीय.

आई आता हवेत गोल काढत नाही. सकाळी नुसती मागच्या दाराकडे बघते आणि वहिनी तवा ठेवते.