कोरं कापड

आमच्या शेजारची काकी कोणालाही घरात घेण्याआधी त्याची बाही हुंगायची. उंबऱ्यावरच. नाक बाहीला लावायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "पावडरीचो वास येता. सोप्यार बस."

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. एकदा मतं मागायला एक उमेदवार आला, कडक इस्त्रीचा, पांढराशुभ्र. त्यालाही तिने बाहेर ओसरीवरच बसवलं आणि चहा खिडकीतून दिला. बिचारा खिडकीलाच नमस्कार करून गेला.

कारण आत काका होते. मूळचे सावंतवाडीकडचे. डिचोलीत खनिजाचे ट्रक चालवून थकले, पेडण्यात आमच्या शेजारी घर घेतलं आणि अंथरुणाला खिळले. साबण-पावडरीने धुतलेलं काही अंगाला लागलं की त्यांची कातडी सोलून निघायची. एकदा सुनेने घाईत चादर मशीनला लावली, तर काकांनी रक्त येईपर्यंत पाठ खाजवली. तेव्हापासून काकी त्यांच्या कपड्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देईना. तिन्हीसांजेला रिठे फोडून टोपात भिजत घालायची, सकाळी कुस्करून पाणी गाळायची आणि त्यात लुंग्या, चादरी बुडवायची.

"काकी, याला साबणासारखा फेस कुठे येतोय?" मी चिडवायची.

"फेस कित्याक? खावक होयो?"

दुकानातून आणलेला नवा बनियनसुद्धा आधी रिठ्यात जायचा. "कोऱ्या कापडाक खळ आसता गो. त्यांका खाज येतली." हे 'खाज येतली' ऐकून ऐकून आमचे कान किटले होते.

काका एका पहाटे गेले. काकी रडली नाही. मी तिचा हात हातात घेतला, तर तो लाकडासारखा. माणसं जमली. तिरडी बांधून झाली. थोरला मुलगा बाजारातून पांढरं कापड घेऊन आला.

काकी उठली. त्याच्या हातातलं कापड घेतलं, हुंगलं आणि सरळ परसात गेली. आदल्या संध्याकाळी भिजत घातलेले रिठे तिथे तसेच होते.

"आये, काय करतंस? ह्यां कोरांच लागता!" मुलगा मागे धावला. भटजीही म्हणाले, धुतलेलं कापड प्रेताला चालत नाही.

काकीने मान वर केली नाही. रिठे कुस्करत राहिली. "खळ आसा. त्यांका खाज येतली."

शेवटी काकांचे मोठे भाऊ काठी टेकत परसात आले. "धुवक दी तिका," ते म्हणाले, "मी थांबतंय."

मग सगळेच थांबले. दोरीवर कापड वाळेपर्यंत अख्खी वाडी अंगणात उभी होती. वाळल्यावर तिने ते गालाला लावून पाहिलं आणि मुलाच्या हातात दिलं. "आता घाल."

तेरावं उरकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी तिच्याकडे डोकावले. सवयीने उंबऱ्यावर थांबून बाही पुढे केली. तिने ती हुंगलीच नाही. "ये गो," म्हणाली आणि वळली.

मी तिच्या मागोमाग परसात गेले. टोप पालथा पडला होता. धुण्याच्या दगडावर निळ्या साबणाची वडी होती आणि काकी आपलं लुगडं पुन्हा दगडावर घासू लागली. दगडभर फेस झाला होता.

"काकी, रिठे संपले काय गो?"

"आसत थंयसर पोतंभर," ती म्हणाली. "पण आता कोणाक खाज येतली?"