पुढच्या रांगेचं ‘मंजूर’

माझ्या तोंडाभोवती लाल चौकट उमटली आणि सगळं सभागृह हसलं.

पडदा भिंतभर मोठा. स्टेजवरून आमच्याकडे तोंड करून कॅमेरा ठेवलेला, त्यामुळे आम्ही सगळेच त्या पडद्यावर. पुढच्या रांगांत फेटेवाले पाहुणे, संस्थेची माणसं, कायम नोकरीतले प्राध्यापक. त्यांच्या तोंडांभोवती हिरव्या चौकटी. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे सतरंजीवर बसवलेल्या आमच्या वस्तीतल्या बायका. त्यांच्याभोवती लाल. मी पुढे, बाजूच्या भिंतीला, हातात बिनवायरचा माईक घेऊन उभी. हिरव्यांच्या शेजारी. कॅमेरा सावकाश वळत आला, माझ्यापाशी थांबला, जरा घुटमळला. मग लाल.

सूत्रसंचालन आमच्याच विभागातल्या एका सरांकडे होतं. रोज माझ्या शेजारच्या टेबलावर डबा खाणारे. ते माईकमधून म्हणाले, “मशीनला पण घर कळतंय बघा आमच्या मॅडमचं!”

प्राचार्य हसले. पाहुणे हसले. फेटे हलले. माझेही ओठ हसल्यासारखे झाले. का झाले कुणास ठाऊक. सवय असेल. त्या हसण्याची चीड मला अजून येते, त्यांच्या हसण्याहून जास्त.

मी त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत होते. तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवले तितक्यांचेच पैसे, आणि दर वर्षी जून आला की नव्याने दारात उभं राहायचं. लागणाऱ्या सगळ्या परीक्षा पास झालेल्या. माझ्यानंतर आलेले दोघं कायम झाले. मी आपली ‘यंदा बघू’ वर. राहते कसबा बावड्याच्या बाजूला, निळे झेंडे लावलेल्या घरांच्या वस्तीत. पूर्वी त्या वस्तीला गाव जे म्हणायचं ते इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता कुठे वापरायची, कशी वापरायची आणि कुणावर वापरायची, याचं धोरण ठरत होतं. सरकारला सल्ला द्यायला तज्ज्ञांची एक समिती नेमलेली. तिची एक बैठक आमच्या कॉलेजात लागली. कार्यक्रमाचं नाव ‘जनसंवाद’. समितीतले तिघे येणार होते. एक मोठ्या संस्थेतले वयस्कर प्राध्यापक. एक कंपनीचे साहेब, ज्यांची कंपनी चेहरा ओळखणारे कॅमेरे करते. तिसरे आपल्याच जिल्ह्यातले कारखानदार. विषय होता वस्त्यांवस्त्यांत असे कॅमेरे बसवण्याचा, आणि सुरुवात कुठून करायची तर आमच्यापासून.

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. इतर बायकांना ते मॅडम म्हणतात. मला अगं.

“अगं, तू तिथलीच न्हवं? मग बायका घेऊन ये वस्तीतल्या. शेवटी वस्तीच्या वतीनं दोन शब्द बोल. ‘आम्ही स्वागत करतो’ म्हणायचं आणि बसायचं. लांबण लावू नको. तुझ्या कायमचं यंदा मी बघतोच.”

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. दोन शब्द तर होते. दोन शब्दांनी दर जूनची लाचारी संपणार असेल तर काय वाईट, असं मी स्वतःला समजावलं. घरी येऊन आत्तीलाही तसंच सांगितलं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. हॉस्टेलच्या मुलांना भाकऱ्या करून देते. तिचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला जातो.

ती म्हणाली, “इचारायला बोलिवलंय का सांगायला?”

“विचारायला.”

“मग येतो की. इचारलं तर सांगायला नगो?”

कार्यक्रमाचा बराचसा वेळ सत्कारात गेला. कोल्हापुरात पाहुणा आला की त्याच्या डोक्याला फेटा बांधल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. फेटा बांधणारा खास बोलावलेला. तिघा तज्ज्ञांना फेटे, मग संस्थेच्या माणसांना, मग कुणी राहिलं का विचारून आणखी दोघांना. शाल, नारळ, फोटो. वयस्कर प्राध्यापकांचा फेटा सैल झाला म्हणून परत बांधला. मागे बायका पदरानं वारा घेत बसलेल्या. सकाळचं काम टाकून आलेल्या. मला नेमून दिलेलं काम एवढंच होतं, पुढच्या रांगेतल्या कुणी हात वर केला की माईक नेऊन द्यायचा. प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलेलं, “मागं देऊ नको. गोंधळ घालतील.”

शाळेत असताना एकदा असाच एक मोठा माणूस येणार होता. स्वागतगीतासाठी मुली निवडत होते. माझा आवाज चांगला, मी पहिल्या फटक्यात निवडले गेले. मग गुरुजींनी विचारलं, “राहायला कुठं गं?” मी सांगितलं. गुरुजी म्हणाले, “तू असं कर, पाहुण्यांच्या चपलांकडं लक्ष ठेव.” गाणं आत झालं. मी बाहेर चपला राखत बसले. जात कुणी विचारत नाही आमच्याकडे. राहायला कुठं, एवढंच विचारतात.

पण गुरुजींना निदान विचारावं लागलं होतं. या मशीनला तेही लागलं नाही.

हशा ओसरल्यावर कंपनीचे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, “रेड म्हणजे क्रिमिनल असं अजिबात नाही हं. रेड म्हणजे फक्त, लक्ष असू द्या.”

माझ्या हातात माईक होता. कधी तोंडाशी नेला ते आठवत नाही.

“सर, माझा चेहरा तुमच्याकडे आला कुठून?”

साहेबांना प्रश्न आवडला. त्यांचा चेहरा खुलला. “गुड क्वेश्चन. तुमच्या एरियाच्या एंट्रीला पोल आहेत ना? तिथूनच. गेले काही महिने आमची सिस्टीम तिथं शिकतेय. कोण जातं, कोण येतं, कोण रात्री तिथंच राहतं.”

मागे वारा घेणारे पदर हलायचे थांबले. ते खांब आम्हाला दिव्यांचे म्हणून सांगितले होते. वस्तीच्या तोंडाशी अंधार असतो, पोरी क्लासवरून उशिरा येतात, म्हणून आम्हीच किती वर्षं दिवे मागत होतो. खांब रोवायला माणसं आली तेव्हा आत्तीने त्यांना बसवून चहा पाजला होता. दिवे लागलेही. त्या दिव्यांच्या वर काय बसवलंय ते बघायला कोण मान वर करतो? त्या उजेडात आम्ही रोज गेलो, आलो. पाणी भरलं, भांडलो, मयत उचललं. सगळं कुणीतरी साठवत होतं.

आणि इथे आम्हाला विचारायला बोलावलं होतं.

आत्ती उठली. प्राचार्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं, माईक नको. आत्तीला माईक लागत नाही.

“ओ पावणं, एक इचारतो. ते पुढं आप्पा बसल्यात. रोज सकाळी आमच्या गल्लीत दूध घालाय येत्यात. त्याच खांबाखालनं येत्यात. मग त्ये हिरवं कसं?”

आप्पांनी मान खाली घातली. संस्थेचे जुने सभासद ते, फेटा त्यांनाही बांधलेला.

साहेब म्हणाले, “ते तिथं राहत नाहीत ना आजी. सिस्टीम येणारे-जाणारे सोडते. राहणारे वेगळे काढते.”

“म्हंजी ऱ्हाण्याचाच गुन्हा हाय व्हय आमचा?”

आता कुणी हसलं नाही. वयस्कर प्राध्यापकांनी घसा साफ केला. त्यांचा आवाज मऊ, शब्द शुद्ध. “बाई, हा भावनेचा विषय नाही, तंत्राचा आहे. तुमच्या भागातल्या तक्रारी जास्त नोंदल्या जातात, म्हणून यंत्र तिकडे जास्त पाहते. यंत्राला जात नसते. आणि हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.”

चोरी कुठेही झाली की चौकशीची गाडी आधी आमच्या दारात येते. तिथे नोंद होते. मग नोंदी जास्त. नोंदी जास्त म्हणून मशीन आमच्याकडे बघणार. मशीनने बघितलं की गाडी परत येणार. एवढं शिकलेल्या माणसाला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांना दिसत होतं. त्यांच्या शेजारी मशीन विकणारा बसला होता आणि मशीन घ्यावं का, हा सल्ला सरकारला दोघं मिळून देणार होते. एकाच थाळीतला सुकामेवा खात होते.

प्राचार्य घाईने उठले. ते साखर कारखान्याच्या राजकारणातले. सभा आवरायची कशी हे त्यांना पक्कं ठाऊक. आमच्याकडच्या सहकारी सभा ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको. विषय वाचायचा, आपली माणसं आधीच पुढे बसवलेली असतात, ती हात वर करून ओरडतात, मागच्यांना ऐकू जायच्या आत पुढचा विषय.

“वस्तीत कॅमेरा प्रकल्प राबवण्यास जनसंवादात पाठिंबा देण्यात येत आहे.”

“मंजूर! मंजूर!” फेटे ओरडले.

“सर्वानुमते मंजूर. आता वस्तीच्या वतीनं आपल्या मॅडम दोन शब्द बोलतील.”

बघा, मॅडम झाले मी. त्या एका मिनिटापुरती.

मी स्टेजवर गेले. समोर हिरवी पुढची रांग. मागे आमच्या बायका, आत्ती अजून उभीच. प्राचार्य माझ्याकडे बघून हलकेच मान डोलवत होते. म्हण पोरी, म्हणून टाक. दोन शब्द. कायमची ऑर्डर. आईचं औषध, दर जूनला कुणाच्या दारात उभं न राहणं, सगळं त्या दोन शब्दांच्या पलीकडे ठेवलेलं. मला ते दिसत होतं. हवंही होतं. का नको असेल?

मी माईक तोंडाशी धरला.

“नामंजूर.”

आवाज चिरका निघाला. परत म्हणाले. “मी त्या वस्तीत राहते. आम्हाला न विचारता आमची तोंडं घेतलीत. आधी घेतलीत आणि मग विचारायला बोलावलंत. नामंजूर.”

माईक बंद पडला. बंद केला. सूत्रसंचालक सर माझ्या हातातून तो ओढायला लागले, मी सोडला नाही. बंद माईकसाठी दोन शिकलेली माणसं स्टेजवर ओढाताण करत होती. मागून आत्तीचा आवाज आला, “नामंजूर!” मग सगळ्या बायका उठल्या. हात वर. “नामंजूर! नामंजूर!” कंपनीच्या साहेबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मोबाईल बघायला लागले. पडद्यावर लाल चौकटी एकमेकींत मिसळल्या होत्या. तेवढ्यात कुणीतरी पडदा बंद केला.

आम्ही बाहेर आलो आणि सायकल स्टँडजवळ समांतर सभा घेतली. तीही आमच्याकडचीच रीत. आत ऐकून घेतलं नाही की बाहेर सभा घ्यायची. अध्यक्ष आत्ती. एकच ठराव. माझ्या वर्गातली काही मुलं लांब उभी राहून बघत होती. जवळ कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. हात वर केलेल्या आमच्या बायका, तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. खाली लिहिलेलं, वस्तीतील महिलांनी हात उंचावून प्रकल्पाला पाठिंबा दिला. आत्तीने फोटो निरखून बघितला आणि इतकंच म्हणाली, “आवाज छापत न्हाईत न्हवं.”

मग आमच्या बोळात आणखी एक खांब आला. शिडी लावून दोघं काम करत होते. मी विचारलं, कुणी सांगितलं? “आमास्नी काय म्हाईत ताई, वरनं ऑर्डर हाय.” या खांबाला दिवा नाही. त्याचं तोंड आमच्या दाराकडे आहे. आई आता दार लोटून घेते. पोरी ओढणी डोक्यावरून घेऊन जातात, उन्हाळा असो नसो. बायकांनी नळावर जोरात बोलणं बंद केलंय, कारण ते ऐकतं की नुसतं बघतं हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मी कॉम्प्युटर शिकवणारी. मलाही माहीत नाही. या वस्तीत मी अंधाराला घाबरले होते, उजेडाला कधी घाबरले नव्हते.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. ते होणारच होतं. मग प्राचार्यांचा निरोप आला, सूत्रसंचालक सरच घेऊन आले. चहा घेतला नाही त्यांनी, उभ्याउभ्याच बोलले. गैरसमजातून बोलले असं लिहून द्यायचं, समितीची माफी मागायची, तास परत मिळतील. “अहो, मॅडम, तुमच्या एकटीच्या नाही म्हणण्यानं काय थांबतंय? वर सगळं ठरलंय.”

असेल ठरलं. माफी मी लिहिणार नाही. आत्ता नाही, पुढच्या जूनला नाही, उपास पडले तरी नाही. संध्याकाळी मी वस्तीतल्या बायकांना गोळा करते आणि हे मशीन काय करतं ते मला जेवढं कळलंय तेवढं सांगते. खांबाखालीच बसतो आम्ही. मुद्दाम. तोंड वर करून.

समितीची शेवटची बैठक पुण्यात आहे. तिथून सल्ला सरकारकडे जाईल आणि त्यात आमच्या नावावर ‘सर्वानुमते’ लिहिलेलं असेल. त्या बैठकीचं आम्हाला बोलावणं नाही.

आम्ही जाणार आहोत.